मोरचूद आणि खळ

सिकंदर मुजावर यांनी कानामागचं यंत्र काढलं, त्याचं टोक ओठांत धरलं आणि जोरात श्वास ओढला. मग ते दुरुस्तीच्या दुकानाच्या काउंटरवर ठेवत म्हणाले, "बघ की ताई, परत चार्जिंग घेईना झालंय."

रोहिणी बुगडनं यंत्र चिमट्यानं उचललं. पोर्टच्या कडेला थुंकी चमकत होती.

"सिकंदरभाई, आत्ता काय केलंत?"

"कुठं काय केलं?"

"तोंडात घातलंत."

"छे छे."

बाकावर बसलेल्या दोघी हसल्या. त्यांतल्या एकीनं आपलं यंत्र हळूच पदरात लपवलं. ते रोहिणीनं आधीच पाहिलं होतं. त्याच्या पोर्टभोवती लिपस्टिकची गोल कड उमटलेली होती.

इचलकरंजीत ही सवय कोणी कोणाला मुद्दाम शिकवली नाही. जुन्या मागावर आडवं सूत इकडून तिकडं नेणारा धोटा असायचा. त्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. हात घाईत, माग थांबलेला, मालक बघतोय. मग भोकाला ओठ लावायचे आणि श्वास ओढायचा, सूत आपोआप बाहेर. आता शहरात धोट्याचे माग उरलेले नाहीत. पण भोकात काही अडकलं की इथला माणूस अजूनही आधी तोंड लावतो. बापाचं बघून पोरगा लावतो, आणि त्या पोरानं धोटा कधी हातातही धरलेला नसतो.

यंत्राचं नाव 'कानोसा'. मागांच्या खडखडाटानं ज्यांचे कान गेले, त्यांच्यासाठी ते सरकारी योजनेतून आलं. नव्या कारखान्यांत मागांच्या रांगांमधून यांत्रिक हात फिरतात आणि हलण्याआधी आवाजानं इशारा देतात. ज्याला तो इशारा ऐकू येत नाही, त्याला आत घेत नाहीत. म्हणून श्रवण-दाखला सक्तीचा झाला, आणि ऐकू न येणाऱ्यांचा दाखला कानोशावर टिकला.

यंत्र खरोखर चांगलं होतं. साधं श्रवणयंत्र सगळेच आवाज मोठे करतं. कानोसा तसं करत नाही. कानाच्या आतल्या कोणत्या पेशी जिवंत आहेत, कोणत्या मेल्या, हे तो महिनोन्‌महिने तपासत राहतो आणि येणारा आवाज जिवंत पेशींना झेपेल असा वळवून देतो. त्यातून हळूहळू त्या एका माणसाचा नादनकाशा तयार होतो. दुसऱ्या बाजूनं माणसाचा मेंदूही त्या वळवलेल्या आवाजाला सरावतो. दोघं एकमेकांना शिकवतात. नकाशा गेला तर यंत्र पुन्हा कोरं होतं, आणि मेंदूला शिकलेलं सगळं विसरून नव्यानं सुरुवात करावी लागते. त्याला सहा-आठ महिने जातात. तेवढा काळ तो माणूस पुन्हा बहिरा, आणि कारखान्याबाहेर.

नकाशा चोरीला जाऊ नये म्हणून कंपनीनं तो सतत वीज लागणाऱ्या स्मृतीत ठेवला होता. वीज संपली की नकाशा पुसला जातो. कवचाच्या आत केसाहून बारीक तारांची जाळी होती. कवच कोणी उघडलं, तार तुटली, की यंत्र नकाशा स्वतःच पुसून टाकतं. दुकानातली कार्ड घासायची यंत्रं फार पूर्वीपासून अशीच बनतात. तिथं ते शहाणपणाचं आहे. कानात घालायच्या वस्तूत त्याचा अर्थ एवढाच होता, की चार्जिंगचा पोर्ट मेला की तीन-चार दिवसांत माणसाचे कानही मरणार.

आणि पोर्ट मरत होता. त्याचं तोंड वरच्या बाजूला होतं. यंत्र कानामागे अडकवलं की ते उघड्या वाटीसारखं वर बघायचं. कारखान्यात उडणारे कापसाचे तंतू आणि सुतावरच्या खळीची भुकटी त्यात साचायची. तळाशी पाच पिना होत्या. पाचवी ओळखीची. चार्जर अस्सल आहे ना, हे ती विचारते आणि उत्तर मिळाल्याशिवाय वीज आत घेऊ देत नाही. चार्जर लावलेला नसतानाही या पिनेवर बारीकसा विद्युतदाब कायम असायचा. घाम, खळ आणि थुंकी यांचा ओला लगदा, त्यात दाब असलेली तांब्याची पिन. मग तांबं कणाकणानं विरघळून जाणारच. बाकीच्या चार पिना शाबूत असायच्या. पाचवीचा फक्त खुंट उरायचा.

रोहिणीनं सिकंदरभाईंचा पोर्ट भिंगाखाली धरला. खुंट.

"कधीपासून घेत नाही?"

"कालपासून."

"सर्व्हिस सेंटरला गेलात?"

"गेलो की. नवीन देतो म्हणाले. कोरं." सिकंदरभाई जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करणारे. मागाचा आवाज ऐकून ते दुरून सांगायचे, कुठल्या रांगेत काय बिघडलंय. "कोरं घेऊन काय करू? आठ महिने घरात बसून बायकोचं तोंड बघू? तीही कंटाळंल."

---

रोहिणीची आई मालनबाई दुकानामागच्या खोलीत राहायची. आधी ती कांड्या भरायची. नवरा गेल्यावर माग चालवू लागली आणि रोहिणी शाळेत जाईपर्यंत तिचे कान गेले. त्यामुळे मायलेकींचं बोलणं लहानपणापासून ओठांचंच. कारखान्यात सगळे असेच बोलतात, आवाज न काढता, ओठ ठळक हलवून. रोहिणीला ती भाषा शाळेतल्या भाषेच्या आधी आली.

कानोसा आला आणि त्याचा नकाशा जमला, त्या दिवशी मालनबाईनं लेकीचा आवाज कित्येक वर्षांनी ऐकला होता. ऐकून म्हणाली होती, "एवढा करकरीत? गिऱ्हाईक टिकतंय कसं?"

तेव्हापासून ती दिवसभर लेकीच्या बोलण्यात चुका काढायची. कोणाशी तिरसट बोललीस, कोणाला नीट उत्तर दिलं नाहीस. रोहिणी चिडायची आणि मुद्दाम मोठ्यानं बोलायची.

ऋत्विक नाडगौडा दुकानात आला, त्या सकाळी मालनबाई गप्प होती. रोहिणीला ते जरा वेळानं लक्षात आलं.

नाडगौडा कंपनीचा विभागीय व्यवस्थापक. तिशीतला, बोलायला नीट. त्यानं काउंटरवरचं भिंग पाहिलं, विचारून त्यातून सिकंदरभाईंचा पोर्ट बघितला आणि म्हणाला, "पाचवी गेलीय."

"तुम्हाला माहीत आहे म्हणजे."

"मॅडम, मी स्वतः याच्या चाचण्या केल्यात. पुण्यात, वातानुकूलित खोलीत. पुढच्या आवृत्तीत हा दाब काढून टाकलाय. तोंडही खाली केलंय."

"मग ही आवृत्ती बदलून द्या. नकाशासकट. तुम्हाला नकाशा काढता येतो."

"येतो. पण सगळ्यांचा काढायचा तर दोष आमचा आहे, असं मान्य करावं लागतं." त्यानं एक छापील कागद पुढं ठेवला. "उद्या श्रवण-दाखल्याच्या समितीची सुनावणी आहे, त्यांना तज्ज्ञाचं मत हवंय. गावात हे यंत्र तुमच्याइतकं कोणी पाहिलेलं नाही. यात लिहिलंय की वापरणारे पोर्टला तोंड लावतात आणि थुंकीमुळे पिन जाते. खोटं आहे का यातलं काही?"

रोहिणीनं कागद वाचून काढला.

"सही करा. तुमचं दुकान आमचं अधिकृत केंद्र होईल. आणि," तो खोलीच्या दाराकडं बघत म्हणाला, "मावशींचं यंत्र मी स्वतः पुण्याला नेईन. नकाशा काढून नव्यात घालून देईन. एखादं प्रकरण अपवाद म्हणून करता येतं."

"आईचं चांगलं चाललंय."

"काल त्या सर्व्हिस सेंटरला येऊन गेल्या," नाडगौडा म्हणाला. "तुम्हाला सांगितलं नाही वाटतं."

---

मालनबाईनं यंत्र काढून डब्यात ठेवलं होतं. वीज वाचवायला. रोहिणी दारात उभी राहिली आणि ओठांनी म्हणाली, "कधीपासून?"

"परवापासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू ओरडली असतीस. आणि मला ऐकू आलं असतं."

रोहिणी तिच्यासमोर बसली. कितीतरी दिवसांनी दोघी अशा आवाजाशिवाय बोलत होत्या, आणि रोहिणीचे ओठ आधी थोडे अडखळले.

"तोंड लावलंस?"

"रोज लावते. सकाळी उठल्यावर आधी चूळ, मग ते."

"आई!"

"काय आई? भोक दिसलं की माझं तोंड जातंय. त्यांनी भोक कशाला ठेवलं?"

रोहिणीनं नाडगौडाचा कागद दाखवला. मालनबाईनं तो वाचला, उलटून मागची कोरी बाजूही बघितली.

"खरं आहे हे," मालनबाई म्हणाली.

"हो."

"सगळं?"

"अर्धं. पिनेवर दाब त्यांनी ठेवलाय. तोंड वर त्यांनी ठेवलंय. नुसत्या थुंकीनं पिन जात नाही."

"मग उरलेलं अर्धं कोण लिहिणार?"

"सही केली तर तुझा नकाशा वाचतोय."

"आणि सिकंदरचा?"

रोहिणी खाली बघू लागली. ओठांची भाषा बोलणाऱ्याच्या समोर खाली बघणं म्हणजे कान बंद करणं. मालनबाईनं तिची हनुवटी धरून चेहरा वर केला.

"तुझ्याकडं दुसरं काही नाही का?"

होतं. पण ते मेलेल्या यंत्रांवर केलेलं होतं. लोकांनी फेकायला दिलेले कानोसे रोहिणीनं साठवले होते. आपल्या कामाबद्दल तिचा एकच विचार होता: तांबं विरघळून गेलं असेल, तर ते उलट्या वाटेनं परत यायला हवं. खुंटाभोवती मोरचुदाचं, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराचं पाणी ठेवायचं, त्यात तांब्याची तार बुडवायची आणि पिनेवरच्या दाबापेक्षा बाहेरून किंचित जास्त दाब द्यायचा. मग तारेतलं तांबं सुटतं आणि खुंटावर येऊन बसतं. मुलामा चढवणारे हेच करतात. कवचाला हात लागत नाही, जाळीला कळत नाही.

मोरचूद कुठंही मिळतो, द्राक्षबागांच्या फवारणीला लागतो. पहिल्या खेपेला तिनं तो नुसता पाण्यात कालवला. थेंब घरंगळून शेजारच्या पिनेवर गेला, दोघींच्या मध्ये तांब्याचा पूल बांधला गेला आणि यंत्र कायमचं गेलं. थेंब जागच्या जागी धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं. ते समोरच्या सायझिंगमध्ये, सुताला खळ लावायच्या कारखान्यात, पिंपं भरभरून होतं. तीच चिकट खळ. मोरचुदात खळ घट्ट कालवली की सुईच्या टोकावर थेंब उभा राहतो. जी वस्तू पोर्ट बुजवत होती, तीच आता पिन उगवायला लागली.

तिच्या मेलेल्या यंत्रांवर दिवा हिरवा लागत होता. पण त्यांत नकाशा नव्हता. जिवंत नकाशा असलेल्या यंत्राला तिनं हात कधी लावला नव्हता. दाब थोडा जास्त झाला तर यंत्राला वाटेल कोणीतरी आत घुसतंय, आणि ते सगळं पुसून टाकेल.

तिनं हे सगळं आईला ओठांनी सांगितलं. 'नकाशा' हा शब्द दोनदा म्हणावा लागला.

"मग माझ्यावर कर," मालनबाई म्हणाली.

"बिघडलं तर?"

"तर आपण असंच बोलू. आता बोलतोय तसं."

"आत्ता करू?"

"इथं नको. दार लावून केलंस तर चोरी होईल. सुनावणीत कर. सगळ्यांच्या पुढ्यात."

---

समितीची सुनावणी यंत्रमाग सहकारी संघाच्या सभागृहात होती. अध्यक्षा डॉ. शलाका देशिंगे कानाच्या डॉक्टर होत्या आणि नियमाला धरून चालणाऱ्या म्हणून ओळखल्या जायच्या. समोरच्या खुर्च्यांवर कामगार. बऱ्याच जणांच्या यंत्रांचे दिवे तांबडे झाले होते.

नाडगौडानं पडद्यावर छायाचित्रं दाखवली. ओठांचे ठसे, पानाचे डाग, लिपस्टिक. सभागृहात हशा पिकला.

"हे माझं," सिकंदरभाई एका पानाच्या डागाकडं बोट करत म्हणाले. "पान सुपारीवाल्या कदमाकडचं."

देशिंग्यांनी हसू आवरलं. "रोहिणीताई, तुमचं मत?"

रोहिणी उठली. आवाज करकरीतच होता.

"कागदावर लिहिलंय ते खरं आहे. आम्ही तोंड लावतो. आमच्या आज्यानं लावलं, आमची पोरं लावतील. हे यंत्र याच गावासाठी बनवलं ना? मग या गावाचं तोंड मोजायला नको होतं? कंपनीनं चाचणी केली, ती थंड खोलीत, कोरड्या हवेत, तोंड न लावणाऱ्या माणसांवर. पिनेवर चोवीस तास दाब सोडला, पोर्टचं तोंड आभाळाकडं ठेवलं आणि कापसाच्या कारखान्यात पाठवून दिलं. सवय आमची आहे, ती मी नाकारत नाही. पिन तुमची आहे. मी सही करणार नाही."

तिनं कागद नाडगौडासमोर ठेवला. मग पिशवीतून टेबलावर एक वाटी, एक सुई, तांब्याची तार आणि दाब मोजायचा छोटा मीटर काढून ठेवला. मालनबाई येऊन शेजारच्या खुर्चीत बसली आणि डब्यातून यंत्र काढून दिलं. त्याचा तांबडा दिवा मंद झाला होता.

"हे काय करताय?" देशिंगे म्हणाल्या.

"दुरुस्ती."

"अधिकृत चार्जरशिवाय पोर्टमध्ये काही घालणं म्हणजे छेडछाड. नियम तुम्हाला माहीत आहे. मला या यंत्राचा दाखला रद्द करावा लागेल. आणि यापुढे असं केलेल्या प्रत्येक यंत्राचा."

"लिहून घ्या," रोहिणी म्हणाली आणि सुईच्या टोकावर निळ्या खळीचा थेंब घेतला.

तेव्हा सिकंदरभाई उठले. त्यांनी आपलं यंत्र काढलं, टेबलावर मालनबाईच्या यंत्रामागं ठेवलं आणि जागेवर जाऊन बसले. मग लिपस्टिकवाली बाई उठली. मग आणखी कोणी, आणखी कोणी. टेबलावर रांग लागली.

देशिंग्यांनी मायक्रोफोन ओढून आदेश वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या वाक्याला त्या थांबल्या. समोर बसलेल्यांपैकी कोणालाच आता ऐकू येत नव्हतं. ते आपापसांत बोलत होते, पण आवाज काढून नाही. ओठ हलत होते, हात हलत होते, मध्येच एखाद्याचे खांदे हसून हलत होते. एवढं भरलेलं सभागृह, आणि पंख्याशिवाय काही वाजत नव्हतं.

"हे काय बोलताहेत?" देशिंगे नाडगौडाला म्हणाल्या.

"मला येत नाही ही भाषा," तो म्हणाला.

रोहिणीचं लक्ष मीटरवर होतं. काटा एका बारीक पट्टीत ठेवायचा होता. त्याखाली तांबं येत नाही, त्यावर गेला तर नकाशा जातो. खळीचा थेंब खुंटावर उभा होता. बाजूला बसलेली आई काटा बघत नव्हती, लेकीचे ओठ बघत होती.

"कुठं आलंय?" मालनबाईनं विचारलं.

"उगवतंय. हळूहळू."

"भूक लागलीय मला."

"गप बस आई, हात हलतोय."

"मी कुठं आवाज केला?"

सुनावणी तांत्रिकदृष्ट्या चालूच राहिली. देशिंग्यांनी आदेश पुढं वाचला नाही, मागंही घेतला नाही. एकदा त्या उठून टेबलाजवळ आल्या, भिंगातून बघितलं आणि परत जाऊन बसल्या. चहा आला. नाडगौडानं कप हातात घेतला आणि उभ्यानं बघत राहिला. एकदा काटा वर सरकला तेव्हा त्याचा हात पुढं आला, मग मागं गेला. रोहिणीनं दाब खाली आणला.

खिडकीतलं ऊन टेबलाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेलं, तेव्हा तिनं सुईनं खळ पुसून काढली. भिंगाखाली पाचवी पिन दिसत होती. ओबडधोबड, जरा वाकडी, तांबडीलाल. तिनं पोर्ट धुतला, वाळवला आणि चार्जर लावला.

आधी काही झालं नाही. मग दिवा हिरवा झाला.

समोरच्या रांगांमध्ये हात वर गेले. आवाज नाही, नुसते हात.

पण हिरव्या दिव्याचा अर्थ वीज आत जाते आहे, इतकाच होता. नकाशा राहिला की पुसला गेला, हे दिवा सांगत नाही. रोहिणीनं थोडी वीज भरू दिली, यंत्र आईच्या हातात दिलं. मालनबाईनं ते कानामागं लावलं आणि चेहऱ्यावर काहीही न दाखवता खिडकीकडं जाऊन उभी राहिली. बाहेरचा सायझिंगचा भोंगा तिला ऐकू येत होता की नाही, कळेना. रोहिणीला विचारायचा धीर होईना. तिनं सिकंदरभाईंचं यंत्र पुढं ओढलं आणि नवा थेंब घेतला.

नाडगौडा तिच्या शेजारी आला. देशिंग्यांकडं पाठ करून, मान खाली घालून, जेमतेम श्वासाइतक्या आवाजात म्हणाला, "नुसतं तांबं पंधरवडा टिकेल. वरून कथलाचा पातळ थर द्या. सहा महिने जातील. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

खिडकीपाशी मालनबाई वळली.

"काय म्हणाला? कथील?" तिचा आवाज सभागृहभर गेला. "पोरा, नीट मोठ्यानं सांग की. एवढ्या जणांचं करायचंय, सगळ्यांना कळू दे."